पेंग्विनच्या पोटात बैल

माझ्या धंद्यात फोन उचलल्या उचलल्या गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं, "मॅडम, काल चालू होतं."

काल सगळंच चालू असतं. काल तर आजचा आजारी माणूसही चालू असतो, फक्त तो डॉक्टरला जाऊन तसं सुनावत नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मला कुणीही सुनावतं.

वीसेक वर्षं झाली, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या छोट्या वर्कशॉपांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसं असतात, गळ्यात पट्टा आणि खिशात दोन फोन असलेली. माझी गिऱ्हाइकं म्हणजे पत्र्याची एक शेड, आत दोन-तीन मशीन, कोपऱ्यात पार्टिशन घालून केलेलं ऑफिस आणि त्या ऑफिसात लोखंडाची धूळ खाऊन जाडजूड झालेला एक कॉम्प्युटर. तो बंद पडला की मालकाला त्याचं महत्त्व कळतं आणि चालू झाला की माझं महत्त्व संपतं.

माझे वडील लातूरकडून इथे आले आणि पिंपरीत एका फाउंड्रीत लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. कॉम्प्युटर, तेही पहिल्या वर्गात. हे सांगताना मी मिरवतेय असं काहींना वाटतं. त्यांना बरोबर वाटतं. ज्यांच्या घरी आजोबाही पदवीधर होते त्यांनी नम्र राहावं, त्यांना ते परवडतं. वडिलांना मात्र माझं काम शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. चाळीत ते सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटरची डॉक्टर हाय." मग चाळीतल्या बायका मला अडवून गुडघे दाखवायच्या.

हल्ली एक दुखणं वाढलंय. सॉफ्टवेअर जुनं, लॅपटॉप नवा आणि दोघांचं जमत नाही. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक कारभारी असतो. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. आपण वापरतो ती सगळी सॉफ्टवेअरं या कारभाऱ्याच्या हाताखाली कामं करतात. कागद छापायचाय, फाइल ठेवायचीय, पडद्यावर रेघ ओढायचीय, की विचार कारभाऱ्याला. एकाच्या हाताखाली घडलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे नेलं की ते दारातच उभं राहतं. एका कंपनीच्या कँटीनचं कुपन दुसऱ्या कंपनीत दाखवल्यावर वाढपी जसा बघतो, तसा लॅपटॉप त्याच्याकडे बघतो.

चिंचवड गावठाणात माझे एक ज्योतिषीकाका आहेत. त्यांचं पत्रिका काढायचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की त्याचीच पत्रिका बघायला हवी होती. नातवाने नवा लॅपटॉप दिला, काकांनी स्वतःच्या हाताने सॉफ्टवेअर त्यावर चढवलं आणि मला फोन केला.

"काल चालू होतं," मी म्हटलं.

"तुला कसं कळलं?" काका म्हणाले. "अगं, मंगळाच्या जागी चौकोन आलाय. समोर यजमान बसलेत. ते विचारतायत, चौकोनाची शांत करावी लागते का?"

जुना मराठी फाँट नव्या लॅपटॉपवर नव्हता, एवढंच कारण. मी तो बसवला, मंगळ आपल्या घरात आला. काका सुस्कारा टाकून म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या पत्रिकेतला मंगळ घालवायच्या मागे असतो मी. आज पहिल्यांदा त्याची वाट बघितली."

अशी सोपी दुखणी मी स्कूटरवरून उतरता उतरता बरी करते. कुरुळीचं दुखणं तसं नव्हतं.

कुरुळीला नाना आहेत. मूळ शेतकरी. बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी शेड टाकली, पत्रा कापायचं लेझर मशीन बसवलं आणि मागे कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला ते ब्रॅकेट पुरवतात, म्हणजे गाडीतली वायर नाहीतर पाइप धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या छोट्या पट्ट्या. नानांच्या अंगात मळखाऊ सदरा, डोक्याला टोपी आणि तोंडात कायम बडीशेप. मशीनच्या आवाजावरून ते पत्र्याची जाडी ओळखतात. कॉम्प्युटरच्या आवाजावरून मात्र त्यांना काहीच कळत नाही आणि याचा त्यांना राग आहे.

त्यांचं सगळं कामकाज एका जुन्या सॉफ्टवेअरवर चालायचं. ते काय करतं? तुम्ही पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडता, तेव्हा मधेमधे पीठ उरतं. ते पीठ परत मळता येतं, पत्रा मळता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या आकाराचे तुकडे पत्र्यावर असे काही रचायचे की कमीत कमी वाया जावं. ही रचना ते सॉफ्टवेअर करायचं आणि लेझर मशीनला कुठून कुठे कापायचं ते लिहून द्यायचं. ते लिहिणारी कंपनी कधीच बंद पडली होती. शिवाय सॉफ्टवेअरला कुलूप होतं. पेन ड्राइव्हसारखी दिसणारी बोटभर वस्तू कॉम्प्युटरला लावलेली असली तरच ते उघडायचं. आम्ही त्याला डोंगल म्हणतो. नाना किल्ली म्हणतात, आणि माझ्या मते नानांचा शब्द बरा आहे. किल्ली एकच होती, आणि नवी करून देणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

नानांची एकुलती एक मुलगी माधुरी. त्यांच्या घरातली पहिली पदवीधर, म्हणून माझा तिच्यावर पहिल्यापासून जीव. लग्न होऊन ती माझ्यासारखीच रावेतला राहते. "ऑफिस मी बघते," म्हणून ती वडिलांच्या मागे लागली होती. नानांचा पुतण्या संतोष तेच म्हणत होता. संतोष वाईट मुलगा नाही, पण खुर्चीत बसल्यावर तो पहिल्यांदा ती गोल फिरवून बघतो. नानांनी माधुरीला सांगितलं होतं, "दिवाळीपातूर बस. जमलं तर तुजं, न्हाई जमलं तर संतोषचं." त्या फिरत्या खुर्चीचं एक चाक तुटलेलं होतं, त्यामुळे तिच्यावर बसणारा माणूस कायम एका बाजूला कललेला असायचा. पण कुरुळीत त्या खुर्चीला मान होता.

माधुरीने बसल्या बसल्या पहिलं काम केलं ते नवा लॅपटॉप आणण्याचं. दुकानदार म्हणाला, विंडोजशिवायचा घेतला तर स्वस्त पडेल. तिने तोच घेतला आणि त्यावर कॉलेजात शिकलेलं लिनक्स चढवलं. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. त्याचा एक स्टिकर तिने हौसेने लॅपटॉपच्या पाठीवर लावला.

"ह्यो कोन?" नानांनी विचारलं.

"पेंग्विन. पक्षी आहे, नाना."

"उडतो का?"

"नाही."

"मग पक्षी कसला? आन् ह्येच्यावर आमी धंदा करायचा व्हय?"

जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय हे मी दोघांनाही सांगितलं होतं. दिवाळीनंतर सावकाश बसून सगळं नव्यावर नेऊ, असं ठरलंही होतं. पण मधे खंडेनवमी आली.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला शेडमध्ये जायचा योग आला तर जरूर जा. एरवी तेलकट असलेली मशीन त्या दिवशी चकाचक असतात, झेंडूच्या माळा, उसाची दोन कांडं, खाली पाटावर मांडलेली हत्यारं. पान्हे, मापाचं व्हर्निअर, हातोडी. ऑपरेटर नव्या शर्टात आणि मालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मशीनपुढचा नारळ मालकच फोडतो. दुसरा कुणी फोडत नाही. एखाद्या शेडचा मालक नक्की कोण, याबद्दल भावाभावांत वाद असला तर खंडेनवमीला नारळ कोणी फोडला ते बघावं.

त्या वर्षी नानांनी किल्लीसुद्धा कॉम्प्युटरमधून काढून हत्यारांच्या ताटात ठेवली. "सगळ्यात म्हागाचं हत्यार त्येच हाय," हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. हळद, कुंकू, अक्षता, फूल. मग कॉम्प्युटरची पूजा. तो चालू ठेवला होता, कारण पडद्यावर नानांच्या सोन्याचा फोटो होता. सोन्या म्हणजे त्यांचा शर्यतीचा बैल. गाड्याला जुंपून घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पहिला आलेला, गुलालाने माखलेला. जाऊन बरीच वर्षं झाली, पण नानांच्या कॉम्प्युटरवर तो रोज सकाळी उगवायचा. सोन्यापुढे नारळ फोडायचा तर जोरातच फोडायला हवा. नानांनी तो थेट टेबलाच्या कडेवर आपटला. नारळात पाणी भरपूर होतं. कॉम्प्युटरने एक बारीक आवाज काढला आणि सोन्या दिसेनासा झाला.

दसऱ्याची सुटी सरली आणि सकाळीच माधुरीचा फोन आला. "ताई, काल..."

"काल चालू होतं."

"परवा," ती म्हणाली आणि रडायच्या बेतात आली.

मी मोशीच्या चौकातली गर्दी पार करून पोचले तेव्हा शेडमध्ये शांतता होती. लेझरच्या ऑपरेटरचं नाव दिलीप, तो बीडकडचा. तो मशीनला टेकून उभा होता. "बगा की ताई," तो म्हणाला, "सकाळधरनं उभाच हाय म्या. मशीन बी उभं, म्या बी उभा. काय करायलो आमी, तर एकमेकाकडं बघायलो."

आत चाकणच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन चालू होता. संध्याकाळी टेम्पो पाठवतो, ब्रॅकेट तयार ठेवा, उद्या कंपनीतली गाड्यांची लाइन थांबली तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल, असं ते नानांना सांगत होते. नानांनी फोन ठेवला आणि माधुरीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले, "मॅडम, आज मशीन चाललं तर ह्या पोरीचं नशीब. न्हाईतर दिवाळीची वाट बघायची गरज न्हाई. उद्यापासून संतोष बसंल."

"नाना, नारळ तुम्ही..." माधुरी म्हणाली.

"नारळाचं काय सांगतीस? दर साली फोडतो. ह्या साली तुजा पक्षी आला आन् इपरीत घडलं."

संतोष दारात उभा होता. "काका, मी माझा लॅपटॉप आणलाय. विंडोजवाला. ओरिजिनल. लावू का?"

"थांब जरा, भावा," मी म्हटलं.

जुना कॉम्प्युटर उघडला. आत खोबऱ्याचा वास. मुख्य बोर्ड जळला होता, पण हार्ड डिस्क पार खाली कोपऱ्यात होती, तिथवर पाणी पोचलं नव्हतं. म्हणजे सॉफ्टवेअर, जुनी सगळी डिझाइनं, सोन्याचा फोटो, सगळं शाबूत. "किल्ली?" मी विचारलं.

"ताटात व्हती. थेंब न्हाई उडाला तिच्यावर," नाना म्हणाले. माधुरीने ती रुमालात बांधून ठेवली होती. पुसून स्वच्छ.

आता एका कारभाऱ्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे चालवायचे दोन रस्ते. पहिला दुभाष्याचा. मधे एक प्रोग्राम बसवायचा, तो जुन्या सॉफ्टवेअरचं म्हणणं नव्या कारभाऱ्याला त्याच्या भाषेत सांगतो. हलका, झटपट, पण कायदेशीर बोलणं आलं की दुभाष्या अडखळतो. मी तो करून बघितला. सॉफ्टवेअरची खिडकी उघडली, निम्मी बटणं एकमेकांवर बसलेली, आणि कुलपाची गोष्ट निघताच दुभाष्या गप्प.

दुसरा रस्ता भाडेकरूचा. "नाना," मी म्हटलं, "तुमच्या मागच्या खोल्यांमध्ये भाडेकरू आहेत ना? जमीन तुमची, भिंती तुमच्या, वीज-पाणी तुमचं. पण आत चूल त्यांची, देव त्यांचे, भाषा त्यांची. दार लावलं की आतल्याला वाटतं आपण आपल्या गावात आहोत. तसं मी या लॅपटॉपच्या आत एक खोली बांधणार आणि तुमचा जुना विंडोज त्याच्या बाडबिस्तऱ्यासकट तिथे आणून ठेवणार."

नानांना हे लगेच पटलं. "भाडेकरू वीज लै जाळतो पन," ते म्हणाले.

"हाही जाळतो."

"आन् खोली सोडत न्हाई."

"तेही खरं."

हार्ड डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं लॅपटॉपवर उतरवायला वेळ लागतो. पडद्यावर एक हिरवी पट्टी इंच इंच पुढे सरकत होती. तेवढ्यात चहा झाला, दिलीपने मशीन पुन्हा एकदा पुसलं, संतोषने दोनदा विचारलं, "मॅडम, माझा लावू का?" माधुरी त्या कललेल्या खुर्चीत ताठ बसायचा प्रयत्न करत होती. आज उठले तर परत बसता येणार नाही, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

पट्टी पुरी झाली. मी आतली खोली उघडली. काळा पडदा, मग जुन्या विंडोजची ओळखीची सुरावट, आणि मग एकदम गुलाल. शिंगांना गोंडे, मान वर काढलेला सोन्या.

नाना खुर्चीच्या पाठीला धरून वाकले. बोटाने पडद्यावरचे गोंडे चाचपले. मग म्हणाले, "आरं, ह्यो तर आपला सोन्या. ह्यो हितं कसा?"

"पेंग्विनच्या पोटात आहे, नाना," माधुरी म्हणाली.

"पक्ष्याच्या पोटात बैल," नाना म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. बाहेरून दिलीपलाही बोलावलं, बघ म्हणून.

ते हसू फार टिकलं नाही. मी किल्ली लावली, तिच्यावरचा हिरवा दिवा लागला, सॉफ्टवेअरवर क्लिक केलं आणि त्याने इंग्रजीत कळवलं की किल्ली सापडली नाही.

पुढचा सगळा वेळ मी त्या किल्लीच्या मागे घालवला. भाडेकरूला घरमालकाच्या दाराशी आलेली वस्तू आत घ्यायची परवानगी द्यावी लागते, ती दिली. पुन्हा तेच. दुसऱ्या भोकात लावली. तेच. लॅपटॉपला विचारलं, तुला काय काय जोडलंय त्याची नावं सांग. त्याने माउसचं नाव सांगितलं, कॅमेऱ्याचं सांगितलं, किल्लीचं नाव घेतलं नाही. म्हणजे दाराशी कुणी आलंय हेच त्याला कळत नव्हतं. आणि किल्लीवर दिवा तर लागलेला.

"दिवा लागतोय म्हणजे जिवंत आहे ना, ताई?" माधुरी.

"आता लावू का माझा?" संतोष.

या वेळी मी हो म्हटलं. संतोषचा लॅपटॉप विंडोजचा, नवाकोरा. किल्ली लावली, दिवा लागला, लॅपटॉपने तिला ओळख दाखवली नाही. संतोषचा चेहरा उतरला. त्याला जिंकायचं होतं, पण मशीनही चालायला हवं होतं, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

"बगा," नाना म्हणाले, "ह्येच्यात बी न्हाई चालत."

"म्हणजे दोष पेंग्विनचा नाही," मी म्हटलं.

"मग कुनाचा?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मला सांगायचं नव्हतं. दोन वेगळे लॅपटॉप, दोन वेगळे कारभारी, दोघंही ओळख देत नाहीत, म्हणजे किल्लीच गेली. आतली चिप म्हातारी होऊन दगावली आणि दिव्यापुरती वीज तेवढी खेळतेय. नवी करून देणारी कंपनी नाही. मी हे हळू आवाजात सांगितलं. माधुरी खुर्चीतून उठली. खुर्ची आपोआप कललेल्या बाजूला वळली आणि तिने ती हाताने सरळ केली.

"राहू दे, ताई. तुम्ही तुमच्याकडून केलंत," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसांनी एवढ्या लवकर उठू नये. "बस खाली," मी म्हटलं. "मी अजून हात टेकलेले नाहीत." खरं तर टेकले होते. एक शेवटची धडपड म्हणून मुंबईच्या एका जुन्या विक्रेत्याला फोन करणार होते, कुणाकडे अशी किल्ली पडून आहे का बघायला. त्याला किल्लीवरचा नंबर लागला असता. नंबर एवढा बारीक, की चष्म्यानेही दिसेना. म्हणून मी ती घेऊन शेडच्या दाराशी उन्हात गेले आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून बघायला लागले.

नंबर दिसला. त्याच्या खाली, किल्लीच्या लोखंडी तोंडात अगदी आत, काहीतरी पिवळं दिसलं. लाल काठाचं पिवळं.

मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली. हळूच टोकरलं. माझ्या तळहातावर एक अक्षतेचा दाणा पडला. हळद लावलेला, कुंकवात भिजून वाळलेला, चांगला टपोरा.

माझी ही विद्या आहे, म्हणून तिचं मर्म सांगते. किल्लीच्या तोंडात चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन लांब, त्या वीज आणतात. मधल्या दोन आखूड, त्या बोलतात. किल्ली पूर्ण आत गेली नाही, दाण्याएवढी बाहेर राहिली, तर लांब पट्ट्या टेकतात आणि दिवा लागतो. आखूड पट्ट्या टेकत नाहीत आणि बोलणं होत नाही. ती किंचित बाहेर राहतेय हे मी दोनदा बघितलं होतं. जाडजूड जुनं प्लास्टिक, कडेला अडत असेल, असं म्हणून सोडूनही दिलं होतं. लिनक्स, विंडोज, दुभाष्या, भाडेकरू, परवानगी, सगळीकडे फिरून आले आणि आडवा बसला होता तांदूळ.

आत जाऊन किल्ली लावली. या वेळी ती 'टक्' करून बसली. क्लिक केलं. सोन्याच्या गुलालावर सॉफ्टवेअरची खिडकी उघडली, पांढरा पत्रा, त्यावर ओळीने मांडलेले ब्रॅकेट. माधुरीने माउस माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. तुकडे फिरवले, रचले, मशीनसाठी फाइल काढली, पेन ड्राइव्हमध्ये घातली आणि स्वतः धावत दिलीपला नेऊन दिली. लेझरचा तो करकरीत आवाज सुरू झाला. नानांनी मान कलती करून ऐकलं. पत्र्याची जाडी बरोबर होती.

मग मी तळहात पुढे केला. "नाना, हा ताटातला."

नानांनी दाणा बघितला. बडीशेप चावायची थांबली. संतोषने तोंड भिंतीकडे केलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"अक्षता जरा जोरात पडल्या व्हय," नाना म्हणाले.

"पक्ष्याचा दोष नव्हता, नाना," माधुरी आत येत म्हणाली.

"म्या कवा म्हनलो पक्ष्याचा?"

नानांनी एकेकाचा चेहरा बघितला, कुणीच त्यांच्या बाजूचं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. "संत्या," ते शेवटी म्हणाले, "ह्या खुर्चीचं चाक मोडलंय कवाचं. चाकणात जाऊन नवं घिऊन ये."

"कुणासाठी, काका?" संतोषने विचारलं. त्याला माहीत होतं, तरी विचारलं. एवढं त्याच्या वाट्याला यायला हरकत नव्हती.

"बसनारीसाठी," नाना म्हणाले आणि मशीनकडे निघून गेले. टेम्पो आला तेव्हा माल शेडच्या दाराशी रचलेला होता.

तेव्हापासून माधुरी ऑफिस बघते. भाडेकरू अजून त्याच खोलीत आहे. ही सोय तात्पुरती समज, किल्ली एक दिवस खरंच जाईल, त्याआधी नवं सॉफ्टवेअर घे, असं मी तिला दर भेटीत बजावते. ती दर भेटीत हो म्हणते आणि चहा मागवते. बापाचीच मुलगी आहे. मलाही फार जोर धरवत नाही. हल्लीची नवी सॉफ्टवेअरं इंटरनेटवर चालतात, त्यांना कारभारी कुठलाही चालतो, पेंग्विन असो की आणखी कोणी. चांगलंच आहे. पण मग दुभाष्यालाही काम नाही आणि मलाही नाही. "काल चालू होतं" म्हणणारा फोन आताशा दिवसदिवस वाजत नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याची सवय झालेली होती.

पुढच्या खंडेनवमीला नानांनी मला मुद्दाम बोलावलं. पाटावर हत्यारं होती. किल्ली झिपच्या पिशवीत घालून ताटात ठेवली होती. हळद, कुंकू, अक्षता, सगळं पिशवीच्या वर. शेजारी लॅपटॉप, पाठ आमच्याकडे करून. पेंग्विनच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. एवढं शोभून दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

आरती झाली. दिलीपने नारळ नानांपुढे केला. नानांनी तो घेतला, कानाशी हलवून पाणी किती ते बघितलं, आणि माधुरीच्या हातात दिला. माधुरी नारळ धरून तशीच उभी.

"नाना, तुम्ही..."

"घे की. हात दुखतोय माजा."

हात दुखणाऱ्या माणसाने सकाळी एकट्याने उसाची मोळी उतरवली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. संतोषने फोन काढून व्हिडिओ सुरू केला. माधुरीने पदर खोचला आणि नारळ टेबलाच्या दिशेने उचलला, जसा वडिलांना उचलताना ती लहानपणापासून बघत आली होती.

"आगं, तितं नगं!" नाना ओरडले. "भाईर पायरीवर जा. लांब. पोटात बैल हाय त्येच्या."